वगळलेलं घड्याळ

१

शलाकाला उशीर झाला असं यंत्राने सांगितलं, तेव्हा तिला आधी हसू आलं आणि मग संताप.

यंत्र म्हणजे पाळणाघराच्या दारावरचं, बोट टेकवायचं. महादेवपुऱ्यातल्या त्या काचेच्या इमारतीत तळमजल्यावर पाळणाघर होतं आणि वरच्या मजल्यांवर तिची कंपनी. साडेतीन वर्षांच्या लेकीला, सौम्याला, सकाळी आत सोडताना एकदा बोट टेकवायचं, संध्याकाळी बाहेर नेताना एकदा. वेळ आपोआप नोंदली जाई, आणि ठरल्या वेळेच्या पुढे गेलात की फोनवर गोड शब्दांत दम येई. ‘प्रिय पालक, आज आपल्याला उशीर झाला. वारंवार असे घडल्यास आपल्या पाल्याच्या जागेचा फेरविचार करावा लागेल.’

बोट टेकवण्याआधी तिने फोनवर वेळ बघितली होती. अजून दोन-तीन मिनिटं हातात होती. तिने ताबडतोब तक्रार केली, "सरोजम्मा, ये मशीन गलत टाइम दिखा रहा है."

सरोजम्मा पाळणाघराच्या मुख्य बाई, हिंदीत कन्नड मिसळून बोलणाऱ्या. त्यांनी सौमीची पिशवी खुंटीला अडकवली आणि समजुतीने मान हलवली. "मशीन गलत नहीं होता मॅडम. आप स्वल्प जल्दी आओ, सरी? ठीक है?"

मशीन चुकत नाही, हे शलाकाला ऐकवायचं! त्या इमारतीतली झाडून सगळी घड्याळं, प्रत्येक संगणकाच्या कोपऱ्यातलं, लिफ्टजवळच्या हजेरीच्या यंत्रातलं आणि हो, पाळणाघराच्या दारावरचंसुद्धा, एकमेकांशी जुळतात की नाही हे बघायचा पगार तिलाच मिळत होता. गेली कित्येक वर्षं ती हे काम डोळ्यांत तेल घालून करत आली होती. आणि वेळेच्या बाबतीत तिला कुणी बोट दाखवणं परवडणारं नव्हतं. नागपूरला सासूबाईंनी सौमीसाठी शाळा बघून ठेवली होती. "तुझी धावपळ होतेच आहे, तर थोडे दिवस आईकडे ठेवू तिला, काय बिघडलं?" असं मकरंद, तिचा नवरा, महिन्यातून एकदा तरी म्हणायचाच. त्यावर तिचं एकच उत्तर ठरलेलं होतं, "माझी वेळ कधी चुकली ते दाखव, मग बोलू."

पाळणाघरातली जागा गेली तर सौमी नागपूरला जाणार, एवढा सरळ हिशेब होता.

२

वर पोचताच तिने आधी तेच तपासलं. घड्याळांचा कारभार तसा सोपा असतो. कुठलाच संगणक स्वतःच्या भरवशावर अचूक वेळ ठेवू शकत नाही. प्रत्येक जण हळूहळू पुढे तरी जातो, मागे तरी पडतो. म्हणून कंपनीत पाच मोठी घड्याळं ठेवली होती आणि बाकीची सगळी यंत्रं त्यांना सतत वेळ विचारत राहायची. पाचांत एकमत असेल तर प्रश्नच नाही. एखादं वेगळं सांगायला लागलं तर त्याला खोटारडं ठरवायचं, वगळायचं, आणि त्याच पत्त्यावर, त्याच नावाने दुसरं यंत्र उभं करायचं. वेळ विचारणाऱ्यांना बदल झाल्याचा पत्ताही लागत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचं एक जुनं घड्याळ तिने मागच्या आठवड्यातच असं काढलं होतं. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या श्वेताने चेष्टेने विचारलं होतं, "पण यार, तेच करेक्ट असलं आणि बाकीचे चार मिळून चुकत असले तर?"

"मग चार जण म्हणतात ते करेक्ट," शलाका हसून म्हणाली होती. "टाइम असाच असतो गं. मेजॉरिटीचा."

आज पाचही घड्याळं एका सुरात बोलत होती आणि पाळणाघराचं यंत्र त्यांच्याशी तंतोतंत जुळत होतं. तिने फोनवर सकाळी दाराशी काढलेला फोटो उघडला. यंत्राच्या नाकावर टिच्चून उशीर झाला नव्हता हे सिद्ध करायला तिने मुद्दाम यंत्र आणि हातातला फोन एकाच चौकटीत घेतले होते. फोटोत दोघांचीही वेळ एकच होती. उशिराची.

तिने स्वतःच्या डोळ्यांनी वेगळी वेळ वाचली होती. तिने फोन टेबलावर पालथा टाकला. डोळ्यांना काही झालं नव्हतं, चष्मा नवा होता, झोप पूर्ण झाली होती. राहता राहिलं काय?

मीटिंगमध्ये अभिजीत, तिचा वरिष्ठ, सुट्टीच्या दिवशी कोणती यंत्रं बदलायची ते विचारत होता. शलाकाने नेटका मुद्दा मांडला. तिचं बोलणं संपलं तरी कुणी मान वर केली नाही. श्वेता तर वहीचं पान उलटत होती.

"हो ना, तेच ठरलं मघाशी," अभिजीत म्हणाला. "तूच तर सांगितलंस. पुढचा पॉइंट घेऊ या का?"

"मी आत्ता सांगितलं. आत्ता!"

अभिजीत दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागला होता. बैठक संपून सगळे उठायला लागले, तेव्हा कुठे तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "एवढी चिडतेस कशाला?" तिचं ओरडणं त्याच्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ लागला होता.

३

कॅन्टीनमध्ये ती अकराच्या कॉफीला गेली. काउंटरवरचा माणूस तिला ओळखायचा. बिनसाखरेची कॉफी म्हणेपर्यंत त्याने पेला पुढे सरकवलेला असायचा. आज त्याने पेला काही उचलला नाही.

"आगले तगोंड्रल्ला मेडम," तो म्हणाला. मग ती नुसतीच बघतेय म्हटल्यावर त्याने हिंदीत सांगितलं, "आप तो लेके गये ना. अभी."

"मैंने नहीं लिया. कब लिया मैंने?"

त्याने हनुवटीने खिडकीकडे दाखवलं. खिडकीजवळचं टेबल तिचंच, रोजचं. त्यावर एक पेला आणि एक वाटी होती. पेल्याला हात लावला तर तो अजून कोमट होता. कॉफीवरची साय तिला लहानपणापासून आवडत नाही. ती चमच्याने काढून वाटीच्या कडेला चिकटवायची तिला सवय. साय वाटीच्या कडेला चिकटवलेली होती.

आता ही चेष्टा कुणाची, हा प्रश्न तिने मनात लगेच निकाली काढला. श्वेताचीच. श्वेताला तिची ही सवय माहीत होती, श्वेताला असले उद्योग सुचतात. ती तरातरा वर गेली आणि सगळ्यांसमोर तिला फैलावर घेतलं. कामाच्या ठिकाणी असला पोरकटपणा चालत नाही, दुसऱ्याच्या नावावर खाणं-पिणं याला चोरी म्हणतात, आणि अभिजीतलाही तूच शिकवून ठेवलंस का?

श्वेता तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर अपराधीपणा नव्हता की राग नव्हता. आजारी माणसाकडे बघतात तशी ती बघत होती.

"शलाका, याबद्दल तू मघाशी सॉरी म्हणालीस ना मला," ती हळू आवाजात म्हणाली. "इट्स ओके. मी विसरले पण."

शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न झालेल्या भांडणाची माफी मागायला ती काही मूर्ख नव्हती. आणि झालेल्या भांडणाची माफी ती स्वतःहून कधी मागत नसे, हे तर तिला ओळखणारं कुणीही सांगेल.

४

तिसऱ्या मजल्यावरची यंत्रांची खोली एरवी कुणाच्या गावी नसते. दार लोटलं की आधी थंडी अंगावर येते आणि मग पंख्यांची घरघर. पाच मिनिटांत ती ऐकू येईनाशी होते, आणि बाहेर आल्यावर जग फार शांत वाटतं. शलाका दुपारी तिथे गेली ती कामाला गेली नव्हती. कुणी काही बोलणार नाही अशी जागा तिला हवी होती, इतकंच.

कपाटात नवं घड्याळ जुन्याच्या जागी बसलं होतं. तेच नाव, तोच पत्ता, तीच चिठ्ठी. जुनं खाली फरशीवर होतं. भंगारात न्यायचं राहून गेलं होतं आणि कुणीतरी त्याची वायर तशीच जोडून ठेवली होती. त्याचे दिवे चालू होते. ठराविक वेळाने एक हिरवा दिवा लुकलुके, म्हणजे ते बाकीच्या चौघांना वेळ विचारत होतं. त्याच्या शेजारचा दिवा उत्तर आलं की लागायचा. तो लागत नव्हता.

ती उकिडवी बसली आणि त्याला पडदा जोडून बघितला. ते मागे होतं. मागच्या आठवड्यात होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त मागे. आणि त्यावरची वेळ तिला पटली. खरंच पटली. पोटातल्या भुकेला, पायांतल्या थकव्याला, अजून न झालेल्या दुपारला ती वेळ बरोबर बसत होती. अंगावर काटा यायला हवा होता, पण तिला आधी आलं ते रडू. दिवसभरात कुणीतरी पहिल्यांदा तिच्या बाजूने बोललं होतं.

"तुझं काही चुकलेलं नाही," ती त्या डब्याला म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

हिरवा दिवा लुकलुकला. शेजारचा लागला नाही. तिने वायर उपटायला हात घातला होता. तो तिने मागे घेतला.

५

संध्याकाळी ती वेळेच्या बरीच आधी सौमीला घ्यायला खाली गेली. यंत्राने उशीर दाखवलाच. सरोजम्मा पाळणाघराला कुलूप लावायच्या तयारीत होत्या आणि सौमी दप्तर पाठीवर घेऊन एकटीच पायरीवर बसली होती. "इतना लेट मत करो मॅडम, बच्चा रोता है," त्या म्हणाल्या. शलाका त्यांच्याशी वाद घालणार होती, पण सौमीच्या गालांवर सुकलेले ओघळ दिसले आणि तिने तिला उचलून घेतलं. त्या ओघळांवर कुठल्याही घड्याळाची वेळ नव्हती. पोरीने वाट बघितली होती एवढं खरं होतं.

घरी तिने सौमीला भरवायला भात कालवला. सौमीने तोंड फिरवलं.

"झालं माझं जेवण."

"कधी झालं गं? मी आत्ता कालवलाय."

"तू भरवलंस. माकडाची गोष्ट पण सांगितलीस."

"मकरंद, हिला तू भरवलंस का?"

मकरंद सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. "तूच भरवलंस ना. आज किती मस्त सांगितलीस गोष्ट, अजिबात चिडली नाहीस." मग त्याने तिच्या हातातल्या ताटलीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. "शलाका, तुला बरं वाटतंय ना? हे बघ, खरंच थोडे दिवस आईकडे…"

"नाही! माझी मुलगी कुठेही जाणार नाही!"

ती ओरडली तेव्हा मकरंद उठून स्वयंपाकघरात गेलेला होता, आणि सौमी तिच्या रंगांच्या खडूंकडे वळली होती. शलाका ताटली घेऊन उभी राहिली. घरात तीन माणसं. त्यांतली दोघं एक सांगत होती आणि ती दुसरं. पुढे काय करायचं असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं; आजवर तिने ते किती वेळा केलं होतं, आणि एकदाही तिला त्यात अन्याय दिसला नव्हता. यंत्राला काय वाटतं, असं कुणी विचारतं का? पण ती यंत्र नव्हती. ती सौमीची आई होती, तिला पोटात वाढवलेली, आणि हे ठरवायला कुणाच्या मताची गरज नव्हती. तिने भाताचा तो घास स्वतःच खाल्ला. तो गार झाला होता.

६

दुसऱ्या दिवशी तिने सौमीला सोडलं आणि ती वर गेलीच नाही. पाळणाघरासमोरच्या बाकावर ठाण मांडून बसली. उशीर म्हणता काय? आता कसा होतो बघते. जेवायलाही ती उठली नाही. दारातून मुलांचा कलकलाट येत होता, मग सरोजम्मांचं कन्नड गाणं, मग दुपारच्या झोपेची शांतता. तिने दारावरची नजर हलवली नाही. निदान तिला तरी नजर हलवल्याचं आठवत नव्हतं.

ऊन अजून कडक होतं तेव्हाच, केवळ राहवेना म्हणून, ती दाराशी गेली आणि बोट टेकवलं. सरोजम्मा बाहेर आल्या. त्यांच्या मागची खोली रिकामी होती. सौमीची खुंटीही.

"सौम्या कहाँ है?"

"घर गयी ना."

"किसके साथ? मी इथे बसलेय सकाळपासून! किसको दिया मेरा बच्चा? कुणाला विचारून दिलंत?"

सरोजम्मा एक पाऊल मागे सरल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या, हे त्यांच्या हातांवरून दिसत होतं. पदराचं टोक त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"नीवे बंदिद्री," त्या म्हणाल्या. "आप आया. आपने ही अंगूठा लगाया. बच्ची दौड़ के आपके पास आयी. नीवे, आप ही, मॅडम."

शलाकाने दाराच्या यंत्राला फाडकन चापट मारली. पोलिसांना बोलावते, सगळ्यांना कोर्टात खेचते, एकेकाला बघून घेते. तोंडाला येईल ते ती बोलत होती, आणि सरोजम्मा आधीच दुसऱ्या एका पालकाशी हसून बोलायला लागल्या होत्या. तिने मकरंदला फोन लावला.

"बोल," तो म्हणाला. "अगं हो, आठवणीने आणतो. तू रिक्षा मिळाली की नीघ. आणि हो, आईला सांगतो मी, सौमीला नागपूरला नाही पाठवत. तू म्हणतेस तसंच करू. खूप बरं वाटलं तू शांतपणे बोललीस ते."

"मकरंद, ऐक! कुणीतरी सौमीला…"

"चल, बाय." फोन बंद झाला होता. कधी झाला ते तिला कळलं नाही.

रिक्षा. ती मोठ्या फाटकाकडे धावत सुटली.

७

फाटकाबाहेर रस्ता गच्च भरला होता आणि त्या गर्दीतही तिला सौमी लगेच दिसली. पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या. ती एका बाईचं बोट धरून पदपथावर उड्या मारत चालली होती. बाई पाठमोरी होती. शलाकाने सकाळी घातलेला तोच निळा कुर्ता, खांद्यावर तीच पिशवी, आणि पिशवीचा पट्टा घसरू नये म्हणून वर ओढलेला डावा खांदा. सौमीच्या बुटाचा बंद सुटला तशी बाई वाकली. शलाका हे काम नेहमी घाईत करायची, धसमुसळेपणाने. बाईने बंद सावकाश बांधला आणि सौमीच्या गुडघ्यावर हलकेच थोपटलं.

"सौमी!"

आवाज घशातून गेला हे शलाकाला जाणवलं. घसा दुखला. रस्त्यावर कुणाची मान वळली नाही. ती धावत होती आणि अंतर कमी होत नव्हतं; ती जिथे पोचायची तिथून त्या दोघी नुकत्याच गेलेल्या असायच्या. रिक्षा थांबली. बाईने सौमीला आधी आत चढवलं, मग स्वतः बसली. ती बसताना बाजूने तिचा गाल दिसला, कानातली कुडी दिसली. शलाकाचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

तेव्हा कुठे तिची हाक पोचली असावी, कारण सौमीने मागे वळून बघितलं. सरळ तिच्याकडे बघितलं, डोळ्यांत डोळे घालून. शलाकाने दोन्ही हात पसरले.

सौमीने कानांवर हात ठेवले. रस्त्यात अनोळखी माणूस मोठ्याने ओरडला की ठेवायची तसे. मग तिने निळ्या कुर्त्यात तोंड लपवलं, आणि कुर्त्यातल्या हाताने तिला जवळ ओढून घेतलं. रिक्षा वाहनांत मिसळली.

शलाका रस्त्याच्या कडेला उभी होती. किती वेळ, कोण जाणे. फाटकावरचा रखवालदार काठी टेकत तिच्यापाशी आला. रोज सकाळी तिला सलाम करणारा माणूस. त्याने आज सलाम केला नाही.

"क्या हुआ? किसको ढूँढ रहे हो?"

"माझी मुलगी. मेरी बच्ची, पीली फ्रॉक, वो रिक्षामे…"

"वो?" त्याने रस्त्याकडे बघितलं आणि तिची समजूत काढायला हात हलवला. "वो बच्ची तो अपनी मम्मी के साथ गयी. रोज जाती है."

"मी आहे तिची मम्मी!" शलाका किंचाळली. "मी! मी आहे!"

रखवालदार केव्हाच परत जाऊन आपल्या खुर्चीत बसला होता.